ब्रेक वापरू नका म्हणतात, मग दोन लूपमधून एकदम बाहेर कसं पडायचं?

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्यात, त्या आधी सुट्या करतो. पहिली, एकात एक दोन लूप आहेत, आतल्या लूपमध्ये हवी ती नोंद सापडली की दोन्हीतून बाहेर यायचंय, पण ब्रेक दिला की फक्त आतलाच थांबतो. दुसरी, क्लासमध्ये सांगितलंय की ब्रेक आणि कंटिन्यू वापरणं ही वाईट सवय, म्हणून फ्लॅग (थांबायचं की नाही ते ट्रू-फॉल्समध्ये लक्षात ठेवणारी व्हेरिएबल) लावले आणि आता तीन फ्लॅग झालेत आणि कुठला कधी ट्रू होतो तेच कळेनासं झालंय. तिसरी, फॉरचा व्हाइल केला तर प्रोग्राम अडकून बसतो, एरर नाही काही नाही, नुसता चालूच राहतो, आणि आत एक कंटिन्यू आहे.

मी बरीच वर्षं बॅकएंडचं काम करतोय, दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यू करणं रोजचंच, आणि लूपमधल्या चुका ज्या बघितल्यात त्या बहुतेक एकाच जातीच्या असतात. कीवर्ड सगळ्यांना पाठ असतात. पण हा लूप नेमका किती कारणांनी थांबू शकतो, आणि थांबल्यावर त्याच्या खालच्या ओळीला ते कारण माहितीये का, हे कोणी विचारतच नाही. ब्रेक, कंटिन्यू, रिटर्न, लेबल यातलं काय वापरायचं ते या प्रश्नाचं उत्तर मिळालं की जवळजवळ आपोआप ठरतं, म्हणून खाली मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

तिसऱ्यापासून सुरू करतो, ते सगळ्यात लवकर सुटतं. कोडचे तुकडे उच्चारानुसार लिहिलेत, तुमच्या भाषेत सहज बसवता येतील.

आय = ०
व्हाइल आय < १०:
    इफ आय == ५:
        कंटिन्यू
    प्रिंट(आय)
    आय = आय + १

० ते ४ छापून होतं, आय ५ होतो, कंटिन्यू लागतो, आणि आय वाढवणारी ओळ कंटिन्यूच्या खाली असल्यामुळे तिच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. परत वर, आय अजून ५च, परत कंटिन्यू. कंटिन्यूचा अर्थ आपण "पुढच्या फेरीला जा" असा पाठ करतो पण जा म्हणजे नेमकं कुठे जा हे भाषेवर नाही तर लूपच्या प्रकारावर ठरतं. सी, जावा, जावास्क्रिप्टमधला जो तीन भागांचा फॉर असतो त्यात कंटिन्यू थेट तिसऱ्या भागावर पडतो, म्हणजे आय आधी वाढतो आणि मग कंडिशन तपासली जाते. व्हाइलमध्ये असा वाढवायचा राखीव भागच नाही, त्यामुळे तो सरळ कंडिशनवर जातो. आणि डू-व्हाइलमध्ये कंटिन्यू वरच्या डू पाशी जातो असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये, तो खालच्या कंडिशनपाशी जातो आणि ती खोटी असेल तर लूप तिथेच संपतो. म्हणून फॉरचा व्हाइल करताना बॉडी, म्हणजे लूपच्या आतल्या ओळी, जशीच्या तशी उचलून ठेवली आणि आत कंटिन्यू असेल तर लूप मोडतो, तुमचं हेच झालंय. उपाय दोन, एक तर फॉरच ठेवा, किंवा प्रत्येक कंटिन्यूच्या आधी आय वाढवा. मी पहिला निवडेन, कारण दुसऱ्यात उद्या कोणीतरी नवीन कंटिन्यू टाकणार आणि वाढवायचं विसरणार.

पण हा आजार फक्त कंटिन्यूचा नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या झून नावाच्या म्युझिक प्लेअरचं ३० जीबीचं मॉडेल जगभर एकाच दिवशी बंद पडलं, चालू केलं की सुरुवातीच्या स्क्रीनवर अडकायचं. त्यातल्या घड्याळाच्या चिपसाठी जो ड्रायव्हर होता त्यात १९८० पासून मोजलेल्या दिवसांवरून वर्ष काढणारा एक छोटासा लूप होता, साधारण असा:

व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप_वर्ष(वर्ष):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    एल्स:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १

पेन घेऊन करून बघा, खरंच बघा, दोन मिनिटं लागतील. २००८ लीप वर्ष, त्याचा शेवटचा दिवस म्हणजे ३६६ वा. आधीची वर्षं वजा होऊन दिवस ३६६ उरले. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठं, म्हणजे लूपच्या आत. लीप आहे का, हो. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठं आहे का, नाही. त्या आतल्या इफला एल्सच नाही, त्यामुळे काहीच न बदलता परत वर. कायमचं. दुसऱ्या दिवशी दिवस ३६७ झाले आणि लूप नीट चालला, म्हणून लोकांना सांगितलं गेलं की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर चार्ज करून चालू करा. आणि दुरुस्ती काय तर आतल्या इफला एक एल्स आणि त्यात ब्रेक, कारण ३६६ वा दिवस हा त्याच वर्षातला वैध दिवस आहे, तिथे थांबायलाच पाहिजे. म्हणजे जो ब्रेक वाईट सवय म्हणून सांगितला जातो तो इथे नसल्यामुळे गडबड झाली.

यातून एक काम मी प्रत्येक व्हाइलवर करतो, तुम्हीही करा: बॉडीतल्या प्रत्येक वाटेवर, म्हणजे प्रत्येक इफ खरा आणि खोटा धरून, बोट ठेवून जायचं आणि त्या वाटेवर कंडिशनमधलं काहीतरी पुढे सरकवणारी किंवा लूपमधून बाहेर काढणारी ओळ सापडते का बघायचं. एखादी वाट अशी निघाली की जिथे काहीच सरकत नाही आणि बाहेरही पडत नाही, तर तिथे बग आहे, फक्त तो डेटा अजून आलेला नाही.

आता ब्रेक वाईट हे आलं कुठून. मार्च १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचं गोटू विरुद्ध एक पत्र एसीएम या संगणक संघटनेच्या मासिकात छापून आलं, त्याचं ते गाजलेलं "घातक" वालं शीर्षकसुद्धा त्यांचं नव्हतं, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं होतं. पत्राचा रोख होता की गोटूने कुठूनही कुठेही उडी मारता येते त्यामुळे प्रोग्राम आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. ब्रेकला हे तसंच्या तसं लागू होत नाही, कारण ब्रेक कुठे पडणार हे ठरलेलं असतं, लूपच्या लगेच खाली. पण पुढे शिकवताना याचा कडक नियम झाला, लूपला एकच दार पाहिजे, आणि विर्थ यांच्या मूळ पास्कल भाषेत तर ब्रेक नव्हताच, त्यामुळे त्यावर शिकलेल्या पिढीने तोच नियम पुढे दिला. १९७४ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी यावर मोठा लेख लिहिला आणि दाखवून दिलं की काही लूप स्वभावानेच दीड फेरीचे असतात, म्हणजे बाहेर पडायची योग्य जागा ना वर असते ना खाली, ती मधोमध असते.

फाइल वाचायचं उदाहरण घ्या. ओळ वाचायची, संपली असेल तर थांबायचं, नाहीतर तिच्यावर काम करायचं. ब्रेक न वापरता केलं तर वाचायची ओळ दोनदा लिहावी लागते, एकदा लूपच्या आधी आणि एकदा लूपच्या शेवटी, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी वरची बदलतो आणि खालची तशीच राहते. मी असं लिहितो:

व्हाइल ट्रू:
    ओळ = वाच()
    इफ ओळ_संपली:
        ब्रेक
    काम_कर(ओळ)

व्हाइल ट्रू बघून घाबरायचं कारण नाही. थांबायचं कारण एकच आहे, ते एकाच ठिकाणी लिहिलंय आणि वरून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच दिसतंय. १९८३ मध्ये एलियट सोलोवे आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच बघितलं होतं, ज्यांना लूपच्या मधून बाहेर पडायची सोय दिली त्यांचे प्रोग्राम जास्त वेळा बरोबर आले, कारण माणूस मुळात विचारच तसा करतो.

मात्र नियम अगदी निराधार आहे असंही म्हणणार नाही. गाड्यांच्या आणि तशा इतर कंट्रोलरच्या सी कोडसाठी मिझ्राचे नियम आहेत, त्यांच्या २००४ च्या आवृत्तीत कंटिन्यूला बंदी होती आणि एका लूपला जास्तीत जास्त एक ब्रेक, २०१२ च्या आवृत्तीत कंटिन्यूवरची बंदी गेली. नासाच्या जेपीएल या यानांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतले गेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये दहा नियम मांडले त्यातला दुसरा असा की प्रत्येक लूपला ठरलेली कमाल मर्यादा हवी आणि ती टूलने तपासून सिद्ध करता आली पाहिजे. जिथे अडकलेला लूप म्हणजे यान हातचं जाणं, तिथे हे बरोबरच आहे. तुम्ही तक्त्यात नोंद शोधताय, तुमच्यासाठी एवढं पुरे की बाहेर पडायच्या जागा वाचणाऱ्याला शोधाव्या लागू नयेत. परीक्षेत मार्क जाणार असतील तर तिथे सांगितलंय तसं लिहा, पण कामाच्या कोडमध्ये ब्रेक टाळण्यासाठी फ्लॅगची रांग लावू नका.

फ्लॅगने नेमकं काय बिघडतं ते जवळून बघू, तुमच्या कोडसारखंच आहे:

सापडलं = फॉल्स
फॉर ओळ इन तक्ता:
    फॉर नोंद इन ओळ:
        इफ नोंद == हवी:
            सापडलं = ट्रू
            ब्रेक
    मोजणी = मोजणी + १
    इफ सापडलं:
        ब्रेक

ही मोजणी कशाची आहे? "न सापडलेल्या ओळी किती" हे मोजायचं असेल तर उत्तर एकने जास्त येणार, कारण सापडल्यावर आतला ब्रेक फक्त आतल्या लूपच्या खाली पडतो आणि मोजणीची ओळ चालून मगच फ्लॅग तपासला जातो. पहिल्या दिवशी ही ओळ तिथे नव्हती आणि कोड बरोबर होता, नंतर कोणीतरी मध्ये टाकली. फ्लॅगचा अर्थ "थांबायचं ठरलंय पण अजून थांबलो नाही" असा असतो, आणि त्या मधल्या वेळात जी जी ओळ चालते तिला प्रत्येकीला आधी फ्लॅग विचारावा लागतो. दोन फ्लॅग झाले की चार शक्यता, तीन झाले की आठ, आणि त्यातल्या बऱ्याच कधी येऊच शकत नाहीत पण वाचणाऱ्याला ते माहीत नसतं.

मग दोन लूपमधून बाहेर कसं यायचं. मी जवळजवळ नेहमी हेच करतो, दोन्ही लूप उचलून एका फंक्शनमध्ये टाकायचे आणि सापडलं की रिटर्न. रिटर्न कितीही खोल असला तरी सगळ्यांतून एकदम बाहेर आणतो, आणि मुख्य म्हणजे बाहेर पडताना सोबत कारण घेऊन येतो. सापडलं तर जागा मिळते, नाही सापडलं तर शेवटच्या ओळीवर "काही नाही" मिळतं, फ्लॅग लागत नाही. फंक्शनला नाव दिलं की लूप कशासाठी आहे तेही कळतं. "एवढ्या छोट्या गोष्टीला वेगळं फंक्शन कशाला" असं रिव्ह्यूमध्ये लोक म्हणतात, मी तरी आग्रह धरतो, कारण असं फंक्शन वेगळं टेस्ट करता येतं आणि लूप नुसता मध्ये पडलेला असला की तो टेस्ट करता येत नाही.

कधी कधी फंक्शन काढणं अवघड असतं, लूपच्या आत आजूबाजूची आठ-दहा व्हेरिएबल बदलत असतात. तेव्हा लेबल. जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट, कॉटलिन, स्विफ्ट या सगळ्यांत बाहेरच्या लूपला नाव देता येतं आणि ब्रेकसोबत ते नाव लिहिलं की थेट त्या लूपच्या खाली. कंटिन्यूलाही लेबल देता येतं हे कमी जणांना माहिती असतं, "या ओळीत चुकीची नोंद दिसली, आख्खी ओळ सोड, पुढच्या ओळीला जा" यासाठी ते इतकं नेमकं बसतं. लेबलला कामाचं नाव द्या, बाहेर१ बाहेर२ नको. पर्लमध्ये ब्रेकला लास्ट आणि कंटिन्यूला नेक्स्ट म्हणतात, तिथेही लेबल चालतं. पीएचपी आणि बॅशमध्ये नावाऐवजी आकडा असतो, ब्रेक २ म्हणजे दोन पायऱ्या बाहेर. हा आकडा मला आवडत नाही, मध्ये एक लूप वाढला किंवा कमी झाला की तो गुपचूप चुकीचा होतो आणि कंपायलर किंवा इंटरप्रिटर बहुतेक वेळा काही बोलत नाही. सीमध्ये लेबलवालं ब्रेक नाही, तिथे लूपच्या खाली एक लेबल आणि त्याच्याकडे पुढच्या दिशेने जाणारा एकच गोटू हे मी मान्य करतो, मागे जाणारा गोटू मात्र नाही.

पायथनमध्ये लेबल नाही. पेप ३१३६ (पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव) मध्ये तशी मागणी झाली होती, २००७ मध्ये पायथनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती नाकारली, त्यांचं म्हणणं साधारण असं की जिथे याची खरंच गरज पडेल असा कोड फार विरळा आणि बहुतेक वेळा फंक्शन काढून रिटर्न केलं की काम होतं. तुम्ही पायथन शिकत असाल तर त्याच्याकडे दुसरी एक गोष्ट आहे, लूपचा एल्स. फॉर किंवा व्हाइलच्या खाली, त्याच्याच रांगेत एल्स लिहिला तर तो कधी चालतो? लूप ब्रेक न होता संपला तर. नाव फसवं आहे, पहिल्यांदा बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की लूप एकदाही चालला नाही तर एल्स. मी तो मनात "ब्रेक नाही झाला तर" असा वाचतो, मग गोंधळ होत नाही. यादी रिकामी असली तरी एल्स चालतो, कारण तेव्हाही ब्रेक झालेला नसतो. वर म्हटलं ना, लूप का थांबला ते पुढच्या ओळीला कळलं पाहिजे, तर भाषेने दिलेली ती सोयच आहे ही. शोधायच्या लूपला छान बसते:

फॉर नोंद इन यादी:
    इफ नोंद == हवी:
        ब्रेक
एल्स:
    नवीन_नोंद_घाल(हवी)

रस्टमध्ये याहून पुढे गेलेत, तिथला जो लूप नावाचा लूप आहे त्यातून ब्रेक करताना किंमतच बाहेर देता येते, म्हणजे आख्खा लूप एका व्हेरिएबलला असाइन करायचा.

आता ब्रेकचा सगळ्यात महाग पडणारा सापळा, लूपच्या आत स्विच. सी, सी++, जावा, जावास्क्रिप्टमध्ये ब्रेक हा शब्द दोघांनाही लागू होतो आणि तो सर्वात जवळच्याला संपवतो. म्हणजे लूपमध्ये स्विच, स्विचच्या केसमध्ये ब्रेक, तर लूप थांबत नाही, फक्त स्विच संपतो. आणि इफला तर ब्रेक लागू होतच नाही, इफच्या आत लिहिलेला ब्रेक इफच्या बाहेर जे काही असेल त्याला तोडतो. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन नेटवर्क साधारण ९ तास कोलमडलं होतं, ११४ मोठी एक्स्चेंज एकमेकांना पाडत पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत होती, आणि मुळाशी सीमधला चुकीच्या जागी पडलेला एक ब्रेक होता, डू-व्हाइलच्या आत स्विच, त्याच्या केसमध्ये इफ, आणि त्या इफच्या आतला ब्रेक लिहिणाऱ्याच्या मनात होता त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी घेऊन गेला, मधलं काम सुटलं आणि डेटा बिघडला.

गोमध्ये स्विचच्या केसला ब्रेक लिहावा लागत नाही, आपोआप थांबतं, म्हणून लोक निश्चिंत होतात आणि नेमके सिलेक्टमध्ये (अनेक चॅनलपैकी जो तयार असेल त्याची केस चालवणारी रचना, चॅनल म्हणजे प्रोग्रामच्या भागांमधली निरोपाची वाट) अडकतात. आमच्याकडे एकदा हे झालं, एक वर्कर होता, अनंत फॉर, आत सिलेक्ट, एका चॅनलवरून काम यायचं आणि दुसऱ्या चॅनलवरून "थांब" असा निरोप, निरोप म्हणजे तो चॅनल क्लोज करायचा. थांबच्या केसमध्ये लिहिलं होतं ब्रेक. कागदावर अगदी बरोबर दिसतं. पण तो ब्रेक सिलेक्टमधून बाहेर येतो, फॉर चालूच राहतो, आणि क्लोज झालेला चॅनल कायम वाचायला तयार असतो त्यामुळे परत सिलेक्ट, परत थांबची केस, परत ब्रेक, न थांबता, सेकंदाला लाखो वेळा. बाहेरून दिसायचं काय तर डिप्लॉय करताना जुना प्रोसेस मरत नाही आणि सीपीयूचा एक कोअर १०० टक्क्यांवर. आम्ही दोन दिवस नेटवर्क आणि गार्बेज कलेक्टर बघत बसलो, शेवटी प्रोफाइल, म्हणजे कुठल्या कोडवर किती वेळ जातो त्याची नोंद, काढला तेव्हा सगळा वेळ त्या एका सिलेक्टमध्ये दिसला. ब्रेकच्या जागी रिटर्न लिहिलं आणि संपलं. तेव्हापासून लूपच्या आत स्विच किंवा सिलेक्ट दिसला आणि त्यात नुसता ब्रेक दिसला की मी रिव्ह्यू तिथेच थांबवून विचारतो, हा कोणाला तोडणार आहे? पीएचपीत आणखी एक आहे, तिथे स्विचला लूपसारखंच मोजतात त्यामुळे स्विचमधला कंटिन्यू हा ब्रेकसारखाच वागतो, ७.३ पासून त्यावर वॉर्निंग येते. ती दुर्लक्षू नका, बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला कंटिन्यू २ म्हणायचं असतं.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी, फॉरईच हा लूप नाहीये, ते एक फंक्शन आहे आणि आतला कोड हे त्याला दिलेलं दुसरं फंक्शन आहे. त्यात ब्रेक लिहिलात तर सिंटॅक्स एरर, रिटर्न लिहिलात तर फक्त ती फेरी सुटते म्हणजे कंटिन्यूसारखं होतं, आणि आत अवेट (हे काम होईपर्यंत थांब) असेल तर फॉरईच कोणासाठी थांबत नाही, सगळे एकदम सुटतात. मधून थांबायचं असेल तर फॉर-ऑफ वापरा, किंवा शोधायचंच असेल तर फाइंड आणि सम आहेत, ते सापडल्यावर स्वतःच थांबतात.

फायनलीबद्दल थोडक्यात. ट्रायच्या आतून ब्रेक केला तरी फायनली चालतोच, फाइल बंद होते, लॉक सुटतो, त्याची काळजी नको. उलट फायनलीच्या आत ब्रेक किंवा रिटर्न लिहू नका, वर आलेला एक्सेप्शन तो गिळून टाकतो आणि लॉगमध्ये काहीच उरत नाही. पायथन ३.१४ पासून तर यावर वॉर्निंग द्यायला लागलंय.

बॅशमध्ये काम असेल तर दोन गोष्टी जिवाला घोर लावतात. पाइप करून व्हाइल-रीडमध्ये ओळी दिल्या तर तो लूप सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या उप-शेलमध्ये, चालतो, आत वाढवलेला काउंटर बाहेर परत शून्य दिसतो, आत एक्झिट केलं तरी फक्त सबशेल मरतो. आणि लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या सर्व्हरवर कमांड चालवणारा प्रोग्राम) असेल तर पहिल्या सर्व्हरनंतरच लूप शांतपणे संपतो, एरर शून्य, कारण एसएसएच स्टँडर्ड इनपुट स्वतः वाचून टाकतं आणि रीडला पुढची ओळच मिळत नाही. एसएसएचला डॅश एन (-n) हा पर्याय द्या. हा लूप "यादी संपली" या कारणाने थांबल्यासारखा दिसतो पण यादी संपलेली नसते, दुसऱ्याने खाल्लेली असते.

लूपच्या कंडिशनबद्दलही दोन ओळी, त्यातही लोक तासन्‌तास घालवतात. अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न ठेवणारा काउंटर उलटा मोजताना "आय शून्यापेक्षा मोठा किंवा समान" ही कंडिशन कधीच खोटी होत नाही, शून्यातून एक गेला की तो सगळ्यात मोठा आकडा होतो. दशांशाने ०.१ ने वाढवत "१ झाला नाही तोपर्यंत" असं लिहिलं तर दहा वेळा मिळवूनही तो बरोबर १ होत नाही, लूप पुढे निघून जातो, म्हणून मोजायला पूर्णांक घ्या आणि दशांश आत काढा. आणि ज्या यादीवर फिरताय तिच्यातूनच काढत जाऊ नका, पायथनमध्ये त्याने शेजारची नोंद सुटते आणि जावामध्ये नशीब चांगलं असेल तर एक्सेप्शन येतो. हव्या त्या नोंदींची नवीन यादी करा.

रिट्रायचा, म्हणजे जमेपर्यंत पुन्हा प्रयत्न करायचा लूप मात्र सविस्तर सांगतो, कारण नोकरीत पहिल्याच वर्षी लिहावा लागतो आणि त्यात थांबायची तीन वेगवेगळी कारणं असतात: जमलं, कधीच जमणार नाही, आणि आता पुरे.

फॉर प्रयत्न इन १ ते ५:
    उत्तर = पाठव()
    इफ उत्तर.ठीक:
        रिटर्न उत्तर
    इफ उत्तर.परत_करून_उपयोग_नाही:
        एरर_दे(उत्तर)
    इफ प्रयत्न < ५:
        थांब(वेळ)
        वेळ = वेळ * २
एरर_दे("५ प्रयत्न झाले, जमलं नाही")

बघा, तिन्ही कारणांना तीन वेगळ्या वाटा आहेत. सर्व्हरने ४०० दिलं म्हणजे आपली रिक्वेस्टच चुकीची, ती पाच वेळा पाठवून काय होणार, लगेच बाहेर. ५०३, म्हणजे सर्व्हर तात्पुरता उपलब्ध नाही, असं असेल तर थोड्या वेळाने जमू शकतं. शेवटच्या प्रयत्नानंतर थांबायचं नाही, उगाच युजरला ताटकळत ठेवणं आहे ते, आणि प्रत्येक थांबण्यात थोडासा रँडम वेळ मिसळा, नाहीतर सर्व्हर पडून उठला की सगळे क्लायंट एकाच क्षणाला परत धडकतात. सगळ्यात जास्त विसरली जाते ती शेवटची ओळ. ती नसेल तर पाच प्रयत्न संपल्यावर फंक्शन गुपचूप काहीच न देता परत येतं आणि एरर भलतीकडेच, तीन फंक्शन पुढे, दिसते.

कंटिन्यूबद्दल माझी पद्धत: बॉडीच्या अगदी वरती, "ही नोंद रिकामी आहे, सोड", "ही रद्द झालेली आहे, सोड" अशा दोन-तीन चाळण्या लावायला तो उत्तम, खालचं मुख्य काम इंडेंटमध्ये खोल जात नाही. पण शंभर ओळींच्या बॉडीत साठाव्या ओळीला लपलेला कंटिन्यू असेल तर त्याच्या खाली नवीन ओळ टाकणाऱ्याला तो दिसत नाही, तिथे बॉडीच लहान करा.

तर तुमचा कोड मी असा लिहीन, तिन्ही फ्लॅग काढून:

फंक्शन जागा_शोध(तक्ता, हवी):
    फॉर ओळ_क्रमांक, ओळ इन तक्ता:
        इफ ओळ रिकामी:
            कंटिन्यू
        फॉर स्तंभ_क्रमांक, नोंद इन ओळ:
            इफ नोंद == हवी:
                रिटर्न (ओळ_क्रमांक, स्तंभ_क्रमांक)
    रिटर्न काही_नाही

हा चालवताना पाच डेटा देऊन बघा: पूर्ण रिकामा तक्ता, मधली एखादी ओळ रिकामी असलेला, नोंद अगदी पहिल्या जागी, नोंद अगदी शेवटच्या जागी, आणि नोंद नसलेला. शून्यापासून मोजणाऱ्या भाषेत पहिल्या जागी सापडलं तर ओळ क्रमांक ० येतो, तेव्हा बाहेर "इफ ओळ_क्रमांक" असं तपासू नका, शून्याला बऱ्याच भाषा खोटं समजतात आणि सापडलेली नोंद न सापडल्यासारखी दिसेल. "काही_नाही आहे का" असंच तपासा. यातलं कुठलं चुकलं तर तो डेटा आणि आलेलं आउटपुट दोन्ही टाका, बघतो.